वसंतातील शेत आणि गोठा : कुर्ल्याच्या एका कुटुंबाचा अनुभव

पंचांगात चैत्र व वैशाख हे वसंत ऋतूचे महिने मानले आहेत. पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, आंब्याच्या कैऱ्या भरू लागतात आणि गुढीपाडव्याने नव्या वर्षाचा आरंभ होतो. परंतु कोकणातील भातशेतकऱ्याच्या हिशेबी वसंत म्हणजे विसाव्याचा काळ नव्हे. शिमगा आटोपल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत त्याच्या हाती सुमारे ऐंशी दिवस असतात. ह्या ऐंशी दिवसांत जे काम होईल त्यावर पुढील वर्षाचे पीक आणि गोठ्यातील दूध अवलंबून राहते. जे राहून जाईल ते पावसाच्या पहिल्या सरीनंतर कितीही धावपळ केली तरी भरून निघत नाही.

शेत आणि गोठा हे एकाच संसाराचे दोन हात आहेत. शेतातील पेंढा गोठ्याला पोसतो आणि गोठ्यातील शेण शेताला पोसते. हा साधा नियम मोडला म्हणजे काय होते, आणि तो पुन्हा जोडता येतो काय, हे समजून घेण्यास मुंबई उपनगरातील कुर्ल्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कुर्ला : खाचरांकडून तबेल्यांकडे

कुर्ला हे साष्टी बेटावरील जुने गाव. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन येणारी मिठी नदी ह्या गावाच्या कडेने माहीमच्या खाडीकडे जाते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली तेव्हा लोहमार्ग ह्याच परिसरातून गेला. त्या काळी साष्टीत भाताची खाचरे, गवताची कुरणे आणि खाडीकाठची मिठागरे होती. पुढे गिरण्या आल्या, वस्ती वाढली, खाचरे बुजली. शहराला दूध हवे होते. त्यामुळे शेत गेले तरी जनावर राहिले, आणि गोठ्याचा तबेला झाला.

शहरातील गोठे एकत्र करून मोकळ्या जागी हलविण्याचा मोठा प्रयत्न १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहतीच्या रूपाने झाला. दारा खुरोडी हे त्या कार्याचे प्रमुख शिल्पकार होत. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व डॉ. वर्गीस कुरियन यांच्यासमवेत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नागरी भागात गुरे पाळण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. तरीही कुर्ला, जोगेश्वरी, अंधेरी अशा भागांतील तबेले पुढे पुष्कळ वर्षे चालू राहिले.

तबेल्याच्या पद्धतीत एक मूलभूत दोष होता. दूरच्या प्रांतांतून नुकतीच व्यालेली मुऱ्हा, मेहसाणा वा जाफराबादी म्हैस मोठी किंमत देऊन आणावयाची, आठदहा महिने तिचे दूध काढावयाचे आणि ती आटली की विकून टाकावयाची, असा हा व्यवहार. जागा नाही, चारा विकतचा, म्हणून भाकड जनावर पोसणे परवडत नाही. रेडकाला दूध पाजणे म्हणजे तोटा, म्हणून रेडके दगावत. अशा रीतीने उत्तम जातीचे दुभते जनावर एका वेतातच वाया जाई. शेण टाकण्यास शेत नसल्यामुळे तेही पाण्याने धुऊन गटारात जाई.

एका कुटुंबाची ओळख

काही वर्षांपूर्वी फाल्गुन महिन्यात अशाच एका कुटुंबाशी प्रस्तुत लेखकाचा परिचय झाला. धाकटे बंधू कुर्ल्यात आठ म्हशींचा गोठा चालवीत. थोरले बंधू ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात वडिलोपार्जित अडीच एकर भातशेती पाहत. गावी बैलजोडी, एक गाय, विहीर आणि विहिरीच्या पाण्यावर वैशाखापर्यंत भिजणारी वीस गुंठे जमीन होती. घरचा कारभार वृद्ध आजी पाहत. बैलजोडी पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसा येथील यात्रेतून घेतलेली होती, आणि तिचे कौतुक आजी प्रत्येक पाहुण्याला सांगत.

दोन्ही भाऊ कष्टाळू, पण त्यांचे हिशेब निरनिराळे होते. गावच्या शेताला शेणखत पुरत नव्हते, कारण तीन जनावरांचे शेण निम्मे गोवऱ्यांत व निम्मे राबात जळत होते. इकडे कुर्ल्यात मोठी म्हैस दिवसाला सुमारे वीस किलो शेण टाकते असे धरल्यास आठ म्हशींचे वर्षाला अठ्ठावन्न टन ताजे शेण होत होते. त्यातील बहुतेक गटारात जात होते. एका हेक्टर भातशेतीला साधारणपणे दहा टन चांगले कुजलेले शेणखत द्यावे अशी शिफारस आहे. म्हणजे एका भावाच्या दारातून जे वाहून जात होते त्याचीच दुसऱ्याच्या शेताला वाण होती, आणि दोघांमध्ये अंतर अवघ्या काही तासांच्या प्रवासाचे होते.

फाल्गुन : भाकड म्हशींचा प्रश्न

प्रथम भेटीच्या दिवशीच कुर्ल्याच्या गोठ्यात एक व्यापारी बसलेला होता. दोन म्हशींचे दूध दोन-दोन लिटरांवर आले होते. उन्हाळ्यात वैरण महाग होते आणि दूध आटते. त्यामुळे ह्याच दिवसांत भाकड जनावरे काढून टाकण्याकडे गोठेवाल्यांचा कल असतो. सौदा जवळजवळ ठरला होता.

“दोन्ही भाकड आहेत हे कशावरून?” असे विचारता धाकटे बंधू म्हणाले, “साहेब, दूध गेले म्हणजे भाकडच की.”

म्हशी फळल्याची नोंद कोठेही नव्हती. गोठ्यात रेडा होता, पण कोणती म्हैस केव्हा माजावर आली हे कोणी लिहून ठेवले नव्हते. पशुवैद्यकांकडून तपासणी करून घेण्याची विनंती केल्यावर व्यापाऱ्यास दोन दिवस थांबण्यास सांगण्यात आले. तपासणीत एक म्हैस सहा महिन्यांची गाभण निघाली. दुसरी मात्र रिकामी होती. म्हशीचा गर्भकाळ सुमारे तीनशे दहा दिवसांचा असतो. म्हणजे आषाढात विणारी म्हैस चार महिन्यांचा चारा वाचविण्यासाठी विकली जाणार होती, आणि तिच्या जागी दुसरी आणण्यासाठी कर्ज काढावे लागणार होते.

ज्यांच्या गोठ्यात नोंदवही नाही त्यांनी ह्या प्रसंगाचा अवश्य विचार करावा. म्हशीचे नाव अथवा कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक, व्याल्याची तारीख, माजाची तारीख, फळविल्याची तारीख आणि तपासणीचा निकाल, एवढ्या पाच गोष्टी एका वहीत लिहिण्यास दिवसाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

म्हशीमध्ये उन्हाळ्यात ‘मुका माज’ फार आढळतो. जनावर हंबरत नाही व बाह्य लक्षणे स्पष्ट दिसत नाहीत. अशा वेळी पहाटे व रात्री उशिरा, हवा थंड असताना, गोठ्यात एक फेरी मारून योनीतून येणारा काचेसारखा स्वच्छ सोट, वारंवार लघवी करणे व अचानक दूध चोरणे ह्या खुणा पाहाव्यात. माजाचे चक्र साधारण एकवीस दिवसांचे असते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे.

चैत्र : कुर्ल्याहून मुरबाडला

पाडव्यानंतरच्या आठवड्यात दोन्ही म्हशी गावी पाठविण्याचा निर्णय झाला. तो सहज झाला नाही. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, गावच्या पेंढ्यावर तीन जनावरे कशीबशी निघतात, तेथे आणखी दोन कशी निघणार? हा आक्षेप रास्त होता. शेवटी असे ठरले की, आंबोणाचा खर्च धाकट्याने द्यावा, पेंढा व राबणूक थोरल्याची असावी, शेण शेतात राहावे आणि जन्मणारे पिल्लू मादी असल्यास ते गावीच वाढवावे. असा व्यवहार भावाभावांतही आधी बोलून घेतलेला बरा. त्याने नाते तुटत नाही, उलट टिकते.

आरोग्याचा दाखला घेऊन, रात्रीच्या गारव्यात, वाहनात पेंढ्याचा जाड थर अंथरून म्हशी कल्याणमार्गे गावी गेल्या. गाभण जनावर शेवटच्या दिवसांत वाहनातून नेऊ नये. भर उन्हात तर कोणतेच जनावर नेऊ नये.

*पेंढा सकस करणे.* भाताचा पेंढा हा निकृष्ट चारा होय. त्यात प्रथिने अत्यल्प असतात. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया पन्नास ते साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, प्रत्येक थर पायाने दाबावा आणि ढीग प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकावा. एकवीस दिवसांनी एका बाजूने उघडून लागेल तेवढा पेंढा काढावा व वास उडून जाण्यासाठी तासदोन तास पसरून मगच घालावा. आरंभी थोडा घालून प्रमाण हळूहळू वाढवावे. सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये आणि युरिया कधीही कोरडा अथवा पाण्यातून पाजला जाणार नाही अशी दक्षता घ्यावी, कारण तो विषारी ठरतो. ह्या कुटुंबाने प्रथम शंभर किलोंचाच ढीग घातला. म्हशींनी दोन दिवस नाक मुरडले आणि तिसऱ्या दिवसापासून गव्हाण चाटून पुसून ठेवली.

*हिरवा चारा.* वालाची काढणी होताच मोकळ्या झालेल्या दहा गुंठ्यांत फाल्गुनाच्या अखेरीस मका व चवळी मिसळून पेरली होती. साठ-पासष्ट दिवसांनी, मका फुलोऱ्यावर येताच, वैशाखाच्या ऐन टंचाईत ती कापणीस आली. ज्यांच्याकडे उन्हाळी ज्वारी आहे त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या, खुरटलेल्या ज्वारीत विषारी आम्ल असते. ती फुलोऱ्यापूर्वी जनावरांना चारू नये.

*उन्हापासून बचाव.* म्हशीची कातडी काळी असते आणि तिच्या अंगावरील घर्मग्रंथी गाईच्या मानाने फारच थोड्या असतात. त्यामुळे तिला ऊन सोसत नाही. दुपारी झाडाची दाट सावली, दिवसातून तीनचार वेळा अंगावर पाणी आणि शक्य असेल तेथे डुंबण्यास स्वच्छ डबके ह्यांची सोय करावी. पिण्याचे पाणी दावणीजवळ सतत असावे. मोठ्या म्हशीस उन्हाळ्यात दिवसाकाठी साठ ते ऐंशी लिटर, व दुभतीस त्याहूनही अधिक, पाणी लागते. आंबोणात रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण व थोडे मीठ घालावे. गाभण म्हशीचे दूध विण्यापूर्वी दोन महिने पूर्णपणे बंद करावे. हे दोन महिने कासेच्या विश्रांतीचे व गर्भाच्या वाढीचे असतात.

वैशाख : राब आणि आजींचा आक्षेप

ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांत भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची रूढी जुनी आहे. कवळ, पातेरा, गवत आणि शेण ह्यांचे थर जमिनीवर पसरून वर माती टाकतात व पेटवितात. ह्या पद्धतीत शहाणपण नाही असे समजणे चूक ठरेल. भाजल्याने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते आणि राखेतून पालाश मिळते. तोटा असा की, शेणातील मोलाचा नत्र धुरावाटे निघून जातो आणि कवळासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडल्या जातात.

राब न भाजता गादीवाफे करावेत असे सुचविले तेव्हा आजींनी सरळ प्रश्न केला, “साहेब, जाळल्याशिवाय तण राहील. पावसात वाकून ते निवडत कोण बसणार? आम्ही बायाच ना?”

ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापूर्वी त्याचा मान राखणे अगत्याचे होते. विस्तार कार्यात आपण खताचा हिशेब मांडतो, पण निंदणीचे श्रम कोणाच्या कमरेवर पडतात तो हिशेब पुष्कळदा विसरतो. म्हणून सगळा राब एकदम बदलण्याचा आग्रह सोडून दिला. दहा गुंठ्यांच्या रोपवाटिकेपैकी दोन गुंठ्यांत नवी रीत आणि उरलेल्या आठ गुंठ्यांत जुनी रीत, पण शेण न घालता केवळ पातेरा व गवत भाजून, असे ठरले. वाचलेले शेण खड्ड्यात गेले.

दोन गुंठ्यांची जमीन नांगरून, सपाट करून, विहिरीच्या पाण्याने ओली केली आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद अंथरून कडा मातीत गाडल्या. चैत्राच्या मध्यापासून सहा आठवडे हा कागद तसाच ठेवला. सूर्याच्या उष्णतेने ओल्या जमिनीतील तणाचे बी व रोगजंतू मोठ्या प्रमाणात नाश पावतात. कागद काळा नसावा, पारदर्शकच असावा. पुढे एक ते सव्वा मीटर रुंदीचे उंच गादीवाफे करून त्यात कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख, दर चौरस मीटरला सुमारे एक किलो, मिसळली. ह्या राखेतील सिलिका रोपांना काटक बनविते. चारसूत्री भात लागवडीतील हे पहिलेच सूत्र होय.

गटारातील सोने

आता कुर्ल्याच्या शेणाचा प्रश्न उरला. ताज्या शेणात सुमारे चार पंचमांश पाणी असते, म्हणून ते तसेच वाहून नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे होय. तोडगा मात्र दारातच होता. वैरण व पेंढा घेऊन मुंबईत येणारी वाहने परतताना रिकामी जात. गोठ्यातील शेण व गव्हाणीतील उष्टावळ एकत्र करून, पाण्याचा निचरा होऊ देऊन, उन्हात सुकवून पोत्यांत भरले आणि अशा परतीच्या वाहनातून गावी पाठविले. सर्व शेण जाऊ शकले नाही, कारण सुकविण्यास जागा अपुरी पडली. परंतु वैशाखअखेर गावच्या खळ्याशेजारी जो ढीग उभा राहिला तसा त्या घराने पूर्वी पाहिला नव्हता.

त्यासाठी नाडेप पद्धतीचा हौद बांधण्यात आला. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायणराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत प्रचारात आणली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या हौदात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर भरून वरून लिंपतात. तीनचार महिन्यांत उत्तम खत तयार होते, आणि थोड्या शेणात पुष्कळ कचरा कुजविला जातो.

शेणमैल्यापासून जळाऊ वायू मिळविण्याची कल्पना तर ह्या परिसराला नवी नाही. कुर्ल्यापासून जवळच असलेल्या माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यापासून वायू तयार करून दिवाबत्तीसाठी वापरला गेला होता. ज्यांच्या गोठ्यात चारपाच मोठी जनावरे आहेत त्यांनी दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राचा अवश्य विचार करावा. त्यास रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते. गोवऱ्या थापल्याने खत जळते. वायू वापरल्याने चूलही पेटते आणि खतही शिल्लक राहते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. कुर्ला व त्यापुढील लोहमार्गांलगत पालक, माठ, भेंडी यांचे वाफे अनेकांनी पाहिले असतील. जेथे भाजीला गटाराचे पाणी दिले जाते तेथे रोगजंतू व कारखान्यांतील जड धातू अन्नात येण्याचा धोका असतो. कुजलेले शेणखत आणि शहराचे सांडपाणी ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. शेण गटारात मिसळले की ते खत राहत नाही, घाण होते. ते पावसाचे पाणीही तुंबविते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीकाठची वस्ती पाण्याखाली गेली, तो दिवस कुर्लेकर विसरलेले नाहीत. गटारे मोकळी राहणे किती महत्त्वाचे आहे हे त्यांना निराळे सांगावयास नको.

मृगापूर्वीची तयारी

वैशाख संपता संपता पुढील कामे आटोपून घ्यावीत.

१. घटसर्प व फऱ्या ह्या रोगांच्या प्रतिबंधक लसी पावसापूर्वी टोचून घ्याव्यात. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा द्यावी. रोग आल्यावर धावण्यापेक्षा आधी दिलेली लस स्वस्त पडते.

२. भाताचे बियाणे तीन टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून, बुडवावे. तरंगणारे पोल बी काढून टाकावे, तळाचे बी दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

३. खाचरांचे बांध दुरुस्त करावेत आणि बांधावर गिरिपुष्पाची लागवड करण्यासाठी खुंट्या निवडून ठेवाव्यात.

४. पेंढ्याची उडवी उंच ओट्यावर हलवून शाकारावी. गोठ्याची जमीन खडीमुरूम टाकून उताराची करावी व मूत्र वाहून एका खड्ड्यात जमेल अशी चर खणावी.

फलित

आषाढात पहिली म्हैस गावी सुखरूप व्याली. पिल्लू मादी निघाले. वार पडण्याची वाट न पाहता तासाभराच्या आत त्याला चीक पाजण्यात आला व दहाव्या-पंधराव्या दिवशी जंताचे औषध देण्यात आले. म्हशीच्या पारडात मोठ्या गोल जंतांचा उपद्रव आईच्या दुधावाटेच होतो, म्हणून हे औषध टाळू नये. श्रावणात म्हैस कुर्ल्याच्या गोठ्यात परत गेली आणि पारडी ठरल्याप्रमाणे आजींपाशी राहिली.

दुसऱ्या म्हशीबाबत लेखकाचा अंदाज चुकला. गावच्या हवेत ती ज्येष्ठापर्यंत फळेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ती भाद्रपदात माजावर आली. तोपर्यंतचा खर्च धाकट्या बंधूंना सोसावा लागला आणि त्यांनी तसे स्पष्ट बोलूनही दाखविले. रिकामी म्हैस राखावयाची असेल तर दीर्घ काळाची तयारी ठेवावी, आणि तत्पूर्वी तिच्या गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी, हा धडा त्यातून मिळाला.

रोपवाटिकेचे म्हणाल तर दोन गुंठ्यांतील रोपे हिरवीगार व जाड बुंध्याची आली. तण अगदी तुरळक होते. मात्र एका कोपऱ्यात शेळ्यांनी कागद फाडला होता, आणि नेमक्या तेवढ्याच जागी तण माजले होते. आजींनी तो कोपरा आणि शेजारचा स्वच्छ वाफा आळीपाळीने पाहिला व म्हणाल्या, “पुढच्या साली चार गुंठे करू. पण शेळ्यांना कुंपण आधी घाला.” कोणत्याही प्रात्यक्षिकाला ह्याहून अधिक उपयुक्त अभिप्राय मिळाल्याचे स्मरत नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, ह्या कुटुंबाने नवे भांडवल फारसे घातले नाही. एक वही, एक तपासणी, प्लास्टिकचा एक कागद, विटांचा एक हौद आणि रिकाम्या परतणाऱ्या वाहनातील जागा, एवढ्यावर शेत व गोठा यांचे तुटलेले नाते पुन्हा जुळू लागले. आपल्यापैकी पुष्कळांचे एक घर मुंबईत व एक गावी आहे. ह्या वसंतात दोन्ही घरांचे हिशेब एका वहीत मांडून पाहा. एकीकडे जे ओझे वाटते तेच दुसरीकडे धन ठरेल. आणि भाकड म्हणून एखाद्या म्हशीचे दावे व्यापाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती खरोखरच भाकड आहे काय, हे पशुवैद्यकांकडून एकदा तपासून घ्या.